हाताला काम, कामाला कागद

आयटीआय, अ‍ॅप्रेंटिसशिप आणि राज्याच्या कौशल्य योजना यांविषयी मुंबईतल्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रं आली. एकाच स्वरूपाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलीला दहावीला ६३ टक्के आहेत. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला कोपा बरं, एका वर्षात मोकळी होईल. ऑनलाइन अर्जात कॉलेजांचा क्रम कसा लावायचा? (एक आई, भांडुप)

तिला इलेक्ट्रिशियन व्हायचं असेल तर होऊ द्या. कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, एक वर्षाचा ट्रेड आहे हे खरं. पण डेटा एंट्रीच्या जागेसाठी तिच्यापुढे बी.कॉम. झालेली मुलंही रांगेत असतात. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं लागतात, मात्र हॉस्पिटल, मॉल, टॉवर, मेट्रो या सगळ्यांना देखभालीसाठी तोच माणूस लागतो. शिफ्ट ड्युटी असते, ही गोष्ट आधीच घरात बोलून घ्या. दहावीला विज्ञान आणि गणित हवं, ते तिच्याकडे असणारच. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. दादरला मुलींचं स्वतंत्र आयटीआय आहे, तिथे यंदा कोणते ट्रेड आहेत ते प्रवेशाच्या संकेतस्थळावर पाहा.

आता अर्ज. सरकारी आणि खासगी आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या एकाच संकेतस्थळावरून होतात. नोंदणी करायची, अर्ज भरायचा, शुल्क भरायचं आणि मग मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करून घ्यायचा. दरवर्षी सगळ्यात जास्त मुलं या शेवटच्या पायरीवर घसरतात. पैसे भरले, प्रिंट निघाली, म्हणजे झालं असं वाटतं. अर्ज निश्चित झाला नसेल तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. निश्चितीची पावती हातात पडल्याशिवाय तिथून निघू नका. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर वगैरे लागणार असेल तर निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

क्रम लावताना पहिला विकल्प फार विचार करून टाका. पहिल्या फेरीत पहिल्याच विकल्पाची जागा मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून 'बघू तरी मिळतं का' असं म्हणून कोणतंही नाव वर टाकू नये. भांडुपहून मुलुंड सर्वांत जवळ. कुर्ला आयटीआय नावाला कुर्ल्याचं, पण ते विद्याविहार स्टेशनजवळ आहे, तेही सोयीचं. अंबरनाथचं आयटीआय जुनं आणि मोठं, पण सकाळच्या शिफ्टला तिथे पोचायचं तर घरातून किती वाजता निघावं लागेल ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ती बुडते कंटाळ्यापेक्षा प्रवासानेच.

जमलं तर विकल्प भरण्याआधी त्या आयटीआयचं वर्कशॉप बघून या. इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत २० जण असतात. वायरिंगचे बोर्ड मुलांनी स्वतः केलेले दिसतात का, त्यावर तारखा आहेत का, मोटार वाइंडिंगच्या टेबलावर तांब्याची तार पडलेली आहे की सगळं कपाटात बंद, हे बघा. आणि ट्रेडला पूर्णवेळ शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा इन्स्ट्रक्टर, आहे की एकच माणूस दोन तुकड्या सांभाळतोय, हे सरळ विचारा. विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

मी फिटर पहिल्या वर्षाला आहे. दोन महिने झाले, नुसती कानस घासतोय. बाहेर सगळं सीएनसीवर चालतं. यातून काय मिळणार? (लोअर परळ)

राग रास्त आहे, पण कानस सोडू नकोस. फिटरचं काम म्हणजे दोन भाग एकमेकांत नेमके बसवणं. सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रावरून, आलेला भाग बसत नसेल तर कुठे किती लागतंय हे हाताला कळावं लागतं, आणि तो हात कानशीवरच तयार होतो. सुरुवातीच्या जॉबला, म्हणजे घासायला दिलेल्या तुकड्याला, मापात अर्ध्या मिलिमीटरची सूट असते. शेवटी नर-मादी फिटिंगच्या जॉबला ती ०.०४ मिलिमीटरवर येते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. हे अंतर एका उडीत कापता येत नाही.

दोन महिने घासूनही जॉब सपाट येत नसेल तर बहुतेक वेळा कारण या चारांपैकी एक असतं.

व्हाइसची, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीची, उंची. जबडा तुझ्या कोपराच्या उंचीला हवा. फार वर असेल तर खांदे उचलले जातात, खाली असेल तर तू वाकतोस आणि कानस डोलते. आयटीआयतले व्हाइस सगळ्यांना एकाच उंचीचे मिळतात, म्हणून बुटक्या मुलांनी पायाखाली लाकडी फळी मागून घ्यावी, लाजू नये.

जॉबला पोट येणं. कडा खाली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो, हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष. कानस पुढे नेताना ती तराजूसारखी हलते म्हणून हे होतं. स्ट्रोक सुरू होताना पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त. परत आणताना दाब शून्य, कारण दात पुढच्या दिशेलाच कापतात. मागे ओढताना दाबलीस तर फक्त दात बोथट होतात.

ओरखडे. धातूचा भुगा दातांत अडकतो आणि तोच पृष्ठभागावर नांगरासारखा चालतो. दर थोड्या वेळाने तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने कानस साफ कर आणि शेवटच्या हाताला कानशीला खडू फास. भुगा धरत नाही.

चुकीची कानस. जास्त माल काढायला खरबरीत दातांची बास्टर्ड, मग तिच्याहून बारीक सेकंड कट, आणि सगळ्यांत बारीक स्मूथ अगदी शेवटी. बास्टर्डच्या खोल रेषा स्मूथने काढत बसलास तर दुपार जाते. नवी कानस थेट बिडाच्या कडक कातडीवर लावू नये, दात झडतात.

तपासणी अशी. गुण्या जॉबला लाव आणि उजेडासमोर धर. फटीतून कुठे उजेड येतो ते बघ, तिथे नाही, त्याच्या शेजारी घासायचं. लांबी-रुंदी आणि कर्णांच्या दिशेनेही बघ, नाहीतर पीळ राहून जातो आणि गुण्या दोनच दिशांनी लावणाऱ्याला तो कळत नाही. व्हर्निअरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर असतं. जॉब आणि जबडे पुसल्याशिवाय घेतलेलं रीडिंग खोटं. घासल्यावर जॉब गरम असतो, तोही जरा निवू दे.

यानंतर ड्रिलिंग आणि टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडणं, येईल तेव्हा हीच शिस्त कामाला येते. एम १० च्या १.५ पिचच्या आट्यांना ८.५ मिलिमीटरचं ड्रिल लागतं. पोरं घाईत ८ चं मारतात आणि मग टॅप आत मोडतो. टॅप थोडा पुढे फिरवायचा, अर्धा फेरा मागे, तेल घालायचं, पुन्हा पुढे. आणि प्रात्यक्षिकाला पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. सरकारने वजन कुठे दिलंय ते यावरून कळतं.

आयटीआय पास झालो. एक कंपनी म्हणते, सहा महिने ट्रेनी म्हणून ये, सात हजार देऊ, कागद-बिगद काही नाही. घ्यावं का? रेल्वे आणि डॉकयार्डच्या अ‍ॅप्रेंटिसशिपबद्दलही सांगा. (कुर्ला आणि करी रोडहून दोन पत्रं)

कागदाशिवाय जाऊ नका. 'ट्रेनी' हा शब्द कोणीही वापरू शकतो. 'अ‍ॅप्रेंटिस' म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा माणूस. त्याचा करार केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्या कराराला क्रमांक असतो. कंपनीत ३० किंवा अधिक माणसं असतील तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घेणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणजे तुम्हाला घेऊन ते उपकार करत नाहीत. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास उमेदवाराचं विद्यावेतन किमान ७,००० रुपये ठरलं, त्यामुळे सात हजार हा आकडा दाखवून कोणी भुलवत असेल तर ते फक्त किमान रक्कमच देतायत हे लक्षात घ्या. कंपनीला सरकारकडून मदतही मिळते. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, इतका वाटा सरकारचा आहे आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात येतो.

करार नोंदला नसेल तर तीन गोष्टी हातच्या जातात. कामावर इजा झाली तर भरपाईचा कायदेशीर हक्क दाखवायला आधार राहत नाही. ओव्हरटाइमला परवानगी लागते हा नियम तुम्हाला लागू आहे असं म्हणता येत नाही. आणि शेवटची परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही परत तिथेच, हातात एका लेटरहेडवरचं 'टू हूम इट मे कन्सर्न' पत्र.

एक बाजू स्पष्ट सांगायला हवी. अ‍ॅप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर कंपनीने कायम करावं अशी सक्ती कायद्यात नाही, आणि या काळात पीएफ कापला जात नाही. त्यात मिळतो अनुभव आणि प्रमाणपत्र. पुढच्या भरतीत त्यांची किंमत होते.

रेल्वेत ती सरळ मोजता येते. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात परळ आणि माटुंगा वर्कशॉप, कुर्ला डिझेल शेड, कल्याणची लोको शेड, आणि पश्चिम रेल्वेत लोअर परळ, महालक्ष्मी वर्कशॉप इथे दरवर्षी अ‍ॅप्रेंटिस घेतात. लेखी परीक्षा नसते. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढून यादी लागते, आणि दहावीत किमान ५० टक्के हवे. पुढे रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीच्या, भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. लेखी परीक्षा त्यांनाही द्यावी लागते, पण स्पर्धा कितीतरी कमी.

माझगाव डॉकला वेगळं आहे. तिथे परीक्षा असते आणि तीन गट: दहावी पास, आयटीआय पास, आठवी पास. घरात धाकटा भाऊ दहावीला असेल तर त्याच्यासाठीही ही जाहिरात वाचा. नौदलाच्या डॉकयार्डात शिकाऊ उमेदवारांची स्वतःची शाळाच आहे, तिथेही लेखी परीक्षा घेतात.

अर्ज करण्याआधी आधार, दहावीची गुणपत्रिका आणि आयटीआय प्रमाणपत्र समोरासमोर ठेवा. नावाचा क्रम, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळली पाहिजे. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, एवढ्यावरून करार अडकतात. दुरुस्ती गुणपत्रिकेत करायला महिने जातात, आधारमध्ये लवकर होते, म्हणून आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. आणि बँकेत जाऊन विचारा, 'माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, कोणत्या खात्याला जोडलंय?' पुष्कळदा शाळेत असताना आईने गावच्या बँकेत काढून दिलेलं जुनं खातं जोडलेलं असतं. सरकारी वाटा तिकडे जमा होत राहतो आणि पोरगा इकडे कंपनीशी भांडत बसतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात होते. मुदत संपली. आता कायम करतील का? पुन्हा अर्ज करता येईल का? (पदवीधर, चेंबूर)

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती, पुढे पाच महिने वाढून अकरा झाली. बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. वय १८ ते ३५. लाभ एकदाच. नोकरीची हमी योजनेत कधीच नव्हती, 'कायम करा' म्हणून आंदोलनं झाली तरी मूळ निर्णय तसाच आहे.

आमचं मत विचाराल तर, योजनेचा हेतू चांगला, पण पुष्कळ ठिकाणी उमेदवाराला काय शिकवायचं हेच कोणी ठरवलं नाही. फाइली इकडून तिकडे नेण्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. म्हणून आता तुमच्या हातात जे आहे ते पदरात पाडून घ्या. प्रमाणपत्र 'समाधानकारक काम केले' एवढ्यावर घेऊ नका. कार्यालय प्रमुखांना विनंती करून त्यात कामाचं स्वरूप लिहून घ्या: आवक-जावक नोंदी, ई-ऑफिस, मराठी टंकलेखन, एक्सेलमधले तक्ते, जे केलं असेल ते, तारखांसह. ज्यांच्या हाताखाली केलं ते अधिकारी बदलून जाण्याआधी. राज्याच्या महास्वयम् रोजगार पोर्टलवरची तुमची माहिती अद्ययावत करा, तिथूनच रोजगार मेळाव्यांची निरोपपत्रं येतात. मराठी आणि इंग्रजी टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर लिपिकाच्या भरतीसाठी ते आधी काढा.

पंधरा वर्षं प्लंबिंग करतोय. कागद एकही नाही. विश्वकर्मा योजनेत बसेन का? (घाटकोपर)

नाही. पीएम विश्वकर्मामध्ये १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी, परीट असे. प्लंबर त्यात नाही, इलेक्ट्रिशियनही नाही. कोणी पैसे घेऊन 'बसवून देतो' म्हणत असेल तर देऊ नका. तुमच्यासाठी वाट आहे ती पूर्वानुभवाच्या मान्यतेची, जिला सगळे आरपीएल म्हणतात. नव्याने कोर्स करायचा नाही. येणाऱ्या कामाची परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जाऊन पुढची तुकडी कधी आहे ते विचारा. जाताना सोसायट्यांची बिलं, कामाचे फोटो घेऊन जा. परीक्षेत काम सगळ्यांना येतं, अडतं ते नकाशा वाचण्यात आणि पाइपांच्या मापांच्या नावांत. तेवढं आठवडाभर कोणाकडून समजून घ्या.

आयटीआयमध्ये आता संध्याकाळचे छोटे कोर्स निघालेत, एआय, ईव्ही, सोलर. खरंच उपयोग आहे की नुसती जाहिरात? (नोकरदार, मुलुंड)

कोर्सवर अवलंबून. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने अल्पमुदतीचे रोजगारक्षमता कार्यक्रम सुरू केले, ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक शाळांमध्ये. त्यात २,५०० तुकड्या, पैकी ३६४ फक्त महिलांसाठी आणि ४०८ नव्या तंत्रांच्या. सरकारची मोकळी पडलेली वर्कशॉप संध्याकाळी वापरात आणायची ही कल्पना आम्हाला मनापासून पटते. उभं यंत्र गंजतं.

ज्याचा पाया आहे त्याला हे कोर्स फार कामाचे. इलेक्ट्रिशियन झालेल्याने सोलरचा कोर्स केला तर त्याला डीसी वायरिंग, इन्व्हर्टर, अर्थिंग लगेच उमगतं. ज्याने कधी टेस्टर धरला नाही त्याला त्याच कोर्समधून फक्त शब्द मिळतात. ईव्हीचंही तसंच, मोटार मेकॅनिक असेल तर जा. नाव नोंदवण्याआधी विचारा: एकूण तास किती, त्यातले हाताने काम करण्याचे किती, एका यंत्रावर किती जण, प्रमाणपत्र कोणाच्या सहीचं. ही उत्तरं कागदावर द्यायला जी संस्था कां-कूं करते तिथे तुमच्या संध्याकाळी घालवू नका.

दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमा करता येतो का? (अंधेरी)

येतो, थेट दुसऱ्या वर्षाला. तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी प्रवेशप्रक्रिया असते. गणित मात्र आधी घासून घ्या, दुसऱ्या वर्षाला तिथेच दमछाक होते.

वेल्डर आहे. एक एजंट दुबईच्या कामाचे दीड लाख मागतोय, टूरिस्ट व्हिसावर नेतो म्हणतो, तिकडे गेल्यावर बदलून देईल. (शिवडी)

जाऊ नका. परदेशी कामाला पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो आणि तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व वर जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. दीड लाख हा आकडाच सांगतो की माणूस खोटा आहे. केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना क्रमांक टाकून बघा, परवाना चालू आहे की रद्द ते तिथे दिसतं.

तुमचा पासपोर्ट दहावी पास असताना काढला असेल तर त्यावर ईसीआरचा, म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' असा, शिक्का नसतो. ईसीआर असेल तर आखाती देशांत कामाला जाताना उत्प्रवास मंजुरी लागते. टूरिस्ट व्हिसाची युक्ती हीच मंजुरी टाळायला वापरतात. तिकडे पोचल्यावर करार नाही, विमा नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. सरळ मार्गाने गेलात तर प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये भरून १० लाखांचं संरक्षण मिळतं.

करारात पगार कोणत्या चलनात, कामाचे तास, राहणं-खाणं कोणाचं, परतीचं तिकीट कोणाचं हे लिहिलेलं हवं, आणि मालक बदलला तर काय तेही. वेल्डरला आणखी एक विचारा: ट्रेड टेस्ट कोणत्या पोझिशनवर आहे? ३जी वर, म्हणजे उभ्या प्लेटच्या जोडावर, पास झालेल्याला तिकडे ६जी च्या, म्हणजे तिरप्या धरलेल्या, पाइपवर उभं केलं तर पहिल्याच आठवड्यात परत पाठवतात. निघण्याआधी शंका असली तर मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयात करार घेऊन जा. आणि एजंटला आतापर्यंत काही रक्कम दिली असेल तर यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काहीही मोबाइलमधून डिलीट करू नका.